पाणी किती वर चढतं

१

माझं गणित चुकत नाही. फुशारकी म्हणून नाही सांगत, बावीस वर्षं हेच करतेय म्हणून सांगते. मलेशियातल्या आमच्या बातू पहात गावात ज्यांच्या घरी काचेची मोठी टाकी आहे आणि टाकीत अरोवाना मासा आहे, त्यातल्या निम्म्या टाक्यांचं नळकाम माझ्या हातचं आहे. पहिल्यांदा दारात उभी राहिले की पुरुषमाणसं गालात हसतात. साडेचार फुटी बाई, हातात करवत! मग त्यांच्या आधीच्या मिस्त्रीनं घालून ठेवलेला घोळ मी दाखवते, आणि हसणं आपोआप थांबतं.

घोळ बहुतेक एकच असतो. पंप आणायचा भलाथोरला आणि त्याला नळ जोडायचा पाऊण इंची, कारण दुकानात तोच हाताशी असतो. हत्तीला चमच्यानं पाणी पाजायचा प्रकार. अहो, पंपाचं तोंड जेवढं, निदान तेवढा तरी नळ हवा. वळणं जास्त असतील तर एक माप मोठा. आणि वरच्या टाकीतून खाली उतरणारा नळ त्याहूनही मोठा, कारण त्या पाण्याला ढकलायला कोणी नसतं, ते आपल्या वजनानं उतरतं. एवढं ज्याला कळलं त्याची फरशी कधी भिजत नाही.

बुधवारी सकाळी माझ्या वहिनीचा फोन आला. वहिनीला आम्हा चिनी लोकांत आसो म्हणतात आणि थोरल्या भावाला आहिया.

"हुई, तुझा आहिया जेवत नाहीये."

"का? आता काय झालं?"

"मासा जेवत नाही म्हणून हाही जेवत नाही. दोघं एकमेकांची तोंडं बघत बसलेत कालपासून."

एरवी मी हसले असते. पण सोमवारी आहियाचं हृदयाचं ऑपरेशन होतं, जोहोर बारू शहरात. तीन ठिकाणी रक्त अडत होतं. तोवर त्याला खाऊपिऊ घाला, दगदग होऊ देऊ नका, मन शांत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईबापांमागे मला वाढवलं ते या माणसानं. मी हत्यारांची पेटी स्कूटरला बांधली आणि निघाले.

२

माझा भाऊ बून तेक चाळीस वर्षं शिंपी होता. खालच्या दालनात दुकान होतं. मशीन विकल्यावर तिथंच त्यानं सहा फुटी टाकी मांडली, समोर वेताची खुर्ची टाकली, आणि आठ वर्षं त्या खुर्चीतून हलला नाही. मासा सोनेरी, हातभर लांब. त्याचं नाव त्यानं तौके ठेवलं होतं, म्हणजे शेठ.

"आलीस? आधी शेठची तब्येत बघ, मग माझी."

"तुझी बघायला डॉक्टर आहेत. मी फक्त माशांची बघते."

"डॉक्टर काय म्हणाला माहितेय? माझेही नळ पाऊण इंची झालेत म्हणे. तुलाच बोलवायला हवं होतं ग, स्वस्तात झालं असतं." असं म्हणून तो हसला आणि हसता हसता त्याला धाप लागली. बनियनमधून त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

मासा खरंच बरा नव्हता. अरोवाना कसा वर तरंगतो, पाण्याच्या पृष्ठभागाला पाठ घासत. हा तळाला हनुवटी टेकून पडला होता. वरून येणारी पाण्याची धार करंगळीएवढी. मी टाकीखालचं कपाट उघडलं. आत गाळणीची खालची टाकी, तिच्या शेवटच्या कप्प्यात बुडालेला पंप. पंपाला तोंड सव्वा इंची आणि वर गेलेला नळ पाऊण इंची. चार वळणं, तीही काटकोनात. माझ्याच भावाच्या घरी! मी दुसऱ्या गावी कामाला गेले असताना कुणा उपटसुंभाकडून करून घेतलं होतं.

"हे कोणी केलं?"

"तू रागावशील म्हणून नाव सांगत नाही," आहिया म्हणाला.

तेवढ्यात आसोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. चुलीवर पेज रटरटत होती. तिनं दार लोटलं.

"हुई, नळबिळ काही बदलू नकोस. जाऊ दे त्याला."

"कोणाला?"

"माशाला."

ते मला कळायला हवं होतं. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. अरोवाना अचानक गेला तर तो घरावरचं अरिष्ट आपल्या अंगावर घेऊन गेला, असं समजतात. कोणी रडत नाही. हात जोडतात, लाल कागदात गुंडाळून पुरतात आणि नवा आणतात. मी अशा वेळी शेकडो घरांत उभी राहिले आहे. सहा सहा महिने पाणी बदलायचं नाही, आणि मेला की म्हणायचं, आमच्यासाठी गेला बिचारा! तुमच्यासाठी नाही, तुमच्यामुळे.

"आसो, तू शाळेत गणित शिकवायचीस. तुला शोभतं का हे?"

"सोमवारी ऑपरेशन आहे आणि चार दिवसांपासून तो खाली बसलाय. आठ वर्षांत बसला होता कधी? तो तयारीला लागलाय, हुई. त्याचं काम त्याला करू दे."

"तो मेला तर आहिया ऑपरेशनच्या टेबलापर्यंत तरी पोचेल का? बघतेस ना त्याचा जीव कसा अडकलाय त्यात?"

ती वळून पेज ढवळू लागली. मला वाटलं, मी जिंकले.

३

दुपारपर्यंत जुना नळ कापून काढला. नवा सव्वा इंची घातला, काटकोनी वळणांऐवजी लांब बाकाची दोनच वळणं दिली. सांधे चिकटले, पंप सुरू केला. आता मोजायचं. वीस लिटरची बादली धारेखाली धरायची आणि हातात घड्याळ. पंपाबरोबर तक्ता येतो, किती मीटर वर चढवलं तर मिनिटाला किती पाणी मिळेल त्याचा. पंपापासून टाकीच्या काठापर्यंत मी फीत लावली होती. एक मीटर चाळीस. बादली अठरा सेकंदांत भरायला हवी.

तीस सेकंद लागले.

पुन्हा मोजलं. तीस. पंप काढून धुतला, पंखा तपासला, नळात हवा अडकली असेल म्हणून ठोकून पाहिलं. तीस. तक्त्यावर बोट फिरवलं तर तीस सेकंदांचा अर्थ निघत होता की पाणी तीन मीटर वर चढतंय. म्हणजे टाकी माळ्यावर ठेवल्यासारखं. आणि टाकी तर माझ्या छातीशी होती, काचेला माझं नाक लागत होतं.

पंप जुना झालाय, मी स्वतःला समजावलं. तरी धार पहिल्यापेक्षा चांगली होती. मासा एकदा मधल्या पाण्यापर्यंत आला आणि परत खाली गेला.

"ए हुई," खुर्चीतून आहिया म्हणाला, "येता जाता माझ्या खुर्चीचे पाय कापलेस की काय?"

"का रे?"

"हे कपाचं फळकूट बघ. वर गेल्यासारखं वाटतंय. मघाशी कॉफी ठेवायला गेलो तर हात पोचेना."

फळकूट भिंतीला पक्कं ठोकलेलं होतं, त्याच्या खांद्याच्या रेषेत. त्यानं माझ्यादेखत पुन्हा कप ठेवला. ठेवताना टाचा उचलल्या, उंच जागी ठेवताना उचलतात तशा, बसल्या बसल्या.

औषधांची गुंगी असणार. मी त्याच्या पायांवर पंचा टाकला आणि घरी आले. रात्री झोप लागली, हेही सांगते, कारण अजून मी घाबरले नव्हते.

४

गुरुवारी बादलीला अठ्ठेचाळीस सेकंद लागले. शुक्रवारी दोन मिनिटं. तक्त्याप्रमाणे पाणी आता चार मीटरच्या वर चढत होतं, आणि त्या पंपाची ताकद तिथंच संपते. एका रात्रीत पंप म्हातारा होऊ शकतो, दोन रात्रींत अर्धमेला होऊ शकतो, पण मी पंप घरून आणलेल्या पिंपात टाकून पाहिला. तिथं तो ठणठणीत. पिंपातून त्यानं पाणी छपरापर्यंत फेकलं. परत कपाटात ठेवला की मान टाकत होता.

मग मी एक गोष्ट केली. पंपाचं बटण बंद केलं. बंद केलं की वर चढलेलं पाणी नळातून मागे येतं, खालच्या टाकीत पडतं. दीड मीटरचा नळ रिकामा व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत. गळक गळक आवाज येतो आणि संपतो.

तो संपेना.

मी कपाटासमोर गुडघे टेकून बसले होते. पाणी नळातून उतरतच होतं. मी मोजू लागले, सवयच ती. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. आवाज लहान होत गेला, पण थांबल्यासारखा नाही. दूर गेल्यासारखा. शेवटी कुठंतरी खोल, विहिरीत पोहऱ्याचं पाणी सांडावं तसं काहीतरी सांडलं. मी आत वाकून पाहिलं. खालच्या टाकीत हातभर पाणी. बदामाची पानं घालून ठेवतात ना माशासाठी, त्यानं चहासारखं लालसर झालेलं. तळ दिसत नव्हता, पण तो त्या रंगामुळे. टाकी बाहेरून पंचेचाळीस सेंटिमीटर. मी हात लावून खात्री करून घेतली.

"काय झालं?" आहियानं विचारलं.

त्याचा आवाज मला फार लहान वाटला. मी वळून बघितलं. तो होता तिथंच होता, तीन पावलांवर.

"काही नाही. पंप बदलायला हवा."

"तुझा आवाज एवढा लांबून का येतोय ग?" तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून हसला. "घाबरू नकोस, कानात मळ असेल."

५

आता कोणी विचारेल, तेव्हाच का नाही थांबलीस? थांबले नाही कारण माझं डोकं फिरलं होतं. बावीस वर्षांत मला पाण्यानं कधी खोटं पाडलं नव्हतं. आणि काचेपलीकडे मासा तोंड उघडून पडला होता, काचेअलीकडे माझा भाऊ तसाच.

शनिवारी सकाळी मी तळ्यांचा पंप आणला. कोई माशांच्या तळ्यांना लावतात तो, नऊ मीटरपर्यंत पाणी चढवणारा. त्याचं तोंड दीड इंची, म्हणून पुन्हा सगळा नळ काढला आणि दीड इंची घातला. खाली उतरणारा नळ दोन इंची होता तो अडीच केला. घामानं निथळत होते. आसो दारात उभी राहून बघत होती. तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

बटण दाबलं आणि काय सांगू, धार अशी आली की टाकीतली पानं गिरक्या घ्यायला लागली! मासा हलला. आधी शेपूट, मग कल्ले. तो हळूहळू वर आला आणि त्यानं पाठ पाण्याच्या वर काढली. आहियानं डब्यातून एक नाकतोडा काढला, काठाशी धरला. खळ्ळ! शेठनं उडी मारून त्याच्या बोटांतून घेतला.

आहिया लहान पोरासारखा रडला. मग दोन वाट्या पेज प्यायला, वर खारं अंडं मागून घेतलं. "हुई, तुझ्या हाताला सोन्याची कडी घालायला पाहिजेत," तो म्हणाला. मला इतका आनंद झाला होता की मी बादली लावलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी न मोजता काम संपवलं.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले तर आसो ओट्याला धरून उभी होती.

"बघितलंस ना?" मी म्हणाले. "जेवला की नाही?"

"तो जेवला," ती म्हणाली. "जेवण वाढताना मी त्याच्याकडे वाकून बघत होते. ताट मांडीवर होतं त्याच्या, आणि मी वाकतेच आहे, वाकतेच आहे. कंबर दुखेपर्यंत, हुई."

६

रविवारी दहा वाजता आसोचा फोन. एकच शब्द, "ये."

आहिया खुर्चीत होता. श्वास वरवरचा चालला होता, ओठ निळसर. रुग्णवाहिका बोलावली होती, यायला वीस मिनिटं. मी त्याचा हात धरायला वाकले, तेवढ्यात कपाटातून तो आवाज आला. पंपाची घरघर होती, पण आत नव्हती. खालून येत होती, कुठून तरी फार खालून, आणि येता येता अजून लांब चालली होती. टाकीत पडणारी धार बोटाएवढी झाली होती. नऊ मीटर चढवणारा पंप!

मी कपाट उघडलं. पंपाची वायर दोन मीटर लांब असते. नेहमी तिची गुंडाळी मी बाहेर बांधून ठेवते. गुंडाळी नव्हती. वायर ताणून सरळ पाण्यात उतरली होती आणि थरथरत होती.

विजेचा पंप चालू असताना पाण्यात हात घालू नये, हे मीच सगळ्यांना ओरडून सांगते. मी घातला. वायर धरत धरत खाली नेला. मनगट बुडालं, कोपर बुडालं, दंड बुडाला. टाकी पंचेचाळीस सेंटिमीटर. माझा खांदा पाण्याला टेकला, गाल काठाला चिकटला, आणि बोटांना तळ लागला नाही. पाणी बर्फासारखं गार होतं.

मग बोटांना काहीतरी लागलं. ऊबदार. त्यानं माझा हात पकडला.

मी ओरडले नाही, कारण तो हात मला ओळखीचा होता. पहिल्या बोटाच्या टोकाला घट्टा, सुईनं चाळीस वर्षं टोचून झालेला. हाच हात धरून मी लहानपणी शाळेत जायचे.

"हुई," माझ्या पाठीमागून आहिया म्हणाला, "माझा हात धरलास का ग?"

मान वळवून बघितलं. तो तीन पावलांवर खुर्चीत होता. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

"आसो!" मी किंचाळले. "बटण बंद कर! आधी बटण बंद कर!"

माझं मलाच कळत नव्हतं मी कशावर विश्वास ठेवतेय. एवढंच कळत होतं की मी जेवढं पाणी वर चढवलं तेवढा हा खाली गेला. आसोनं एकही प्रश्न विचारला नाही. भिंतीवरचं बटण फटकन बंद केलं.

घरघर थांबली. धार तुटली. आणि पाण्यातला हात वर येऊ लागला. मी ओढत होते, तो येत होता. दंड बाहेर आला, कोपर बाहेर आलं. पाठीमागे आहियानं छाती भरून श्वास घेतला, बुडणारा माणूस वर आल्यावर घेतो तसा. "अरे देवा," तो म्हणाला, "किती बरं वाटतंय."

"ओढ, हुई," आसो रडत म्हणाली. "ओढ ग बाई."

७

आणि मग त्यानं टाकीकडे बघितलं.

मासा कुशीवर पडला होता. पोट वर येत होतं, कल्ला एकदा उघडला आणि उघडाच राहिला.

"पंप का बंद केलात?" आहियानं विचारलं.

"त्याला जाऊ दे," मी म्हणाले. "आहिया, ऐक माझं. तो तुझ्यासाठी चाललाय, त्याला जाऊ दे. मी हात जोडते. नाही, हात नाही जोडता येत, पण ऐक."

त्यानं माझ्याकडे बघितलं, पाण्यात अडकलेल्या माझ्या हाताकडे बघितलं. त्याला सगळं कळलं असं मला वाटलं. तो नेहमीसारखा हसला.

"हे तू बोलतेस, हुई? तू?"

"हो, मी."

"आठ वर्षं माझ्या बोटांतून खातोय तो. दुसरं कोणी गेलं तर तोंड फिरवतो. त्याला काय माहीत ग अरिष्टबिरिष्ट? त्याला वाटतं मी त्याला खायला घालणारा माणूस आहे."

आसो बटणापुढे हात पसरून उभी राहिली. "मी हलणार नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मीही खायला घालतेय तुला."

"ले चू," तो म्हणाला. तिला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. तो उठला. चार दिवस ज्याला कपाचं फळकूट उंच वाटत होतं, तो उठला, तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिनं दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. कोणतीही बाई कवटाळेल. आणि तिच्या कमरेमागून हात घालून त्यानं बटण चालू केलं.

पंप घुमला. माझ्या हातातली पकड सुटली. झटका देऊन नाही, एकेक बोट करून सुटली, झोपलेल्या पोराच्या मुठीतून आपण बोट काढून घेतो तशी. मी दुसरा हातही घातला. दोन्ही हातांनी चाचपलं. तळाची काच लागली, गुळगुळीत, कोपर बुडतं न बुडतं तोच. पंप होता, वायर होती. बाकी काही नव्हतं.

आसोनं त्याला कसंबसं खुर्चीत बसवलं. ती रस्त्यावर धावली, रुग्णवाहिका आली का बघायला. मी त्याच्याजवळ गेले. डोळे टाकीकडे होते, श्वास नव्हता. छाती दाबली, तोंडानं फुंकलं, जे जे ऐकून माहीत होतं ते सगळं केलं. काही झालं नाही. वर टाकीत धार जोरात पडत होती आणि शेठ सरळ झाला होता. मी दीड इंची नळ घातला होता, माप अचूक होतं, आणि माझा भाऊ मी मारला होता.

मग माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. खुर्चीच्या दांड्यावरून तो खाली लोंबत होता. कोपरापर्यंत ओला. बोटांची कातडी सुरकुतली होती, चार दिवस पाण्यात राहिल्यासारखी, आणि टोकांवरून बदामाच्या पानांचं लालसर पाणी फरशीवर ठिबकत होतं.

बाहेर आसोचा आवाज आला, ती माणसांना घेऊन येत होती. तिनं बघायच्या आत मी तो हात माझ्या फडक्यानं पुसून घेतला. मग पुन्हा पुसला. पुन्हा.